वाट विचारणं बंद झालं का? – अनुभव लिहा

धागाकर्ती: उंबरठा (ठाणे)

पिनकोड ज्यांनी आणला ते श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि संस्कृतात कविता-नाटकं लिहायचे. १५ ऑगस्ट १९७२ला त्यांची सहा आकड्यांची पद्धत सुरू झाली. ते आकडे पत्राला आपल्या भागातल्या पोस्टापर्यंत आणून सोडायचे. पुढचं सगळं पोस्टमनच्या डोक्यात: कुठल्या चाळीत दोन जोशी आहेत, कुणाची सून माहेरी गेलीय, कुणाचं पत्र शेजारी दिलं तरी चालतं. मे २०२५मध्ये टपाल खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्र यांना बरोबर घेऊन डिजिपिन आणला. त्यात दहा अक्षरांत साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन सापडतो. म्हणजे आपलं न्हाणीघर आणि देवघर यांचे पत्ते वेगळे होऊ शकतात आणि पोस्टमनला जोशी कोण हे माहीत असायची गरज नाही. निदान कागदावर तरी.

या धाग्यात तुमचे अनुभव हवे आहेत. फोनमधला निळा ठिपका आल्यापासून तुमच्या ओळखीची जागा, रस्ता, गाव, शेत, समुद्र तुमच्यापुरतं कसं बदललं? ‘शाप की वरदान’ छाप निबंध कृपया नकोत. स्वतःचं किंवा घरातलं लिहा. आणि कंपन्यांची, खात्यांची नावं घेऊन तक्रारी मांडू नका, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

रात्रपाळी (पुणे)

मूळ परभणीचा. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आणि रात्री जेवणाची पार्सलं पोचवतो. नारायण, सदाशिव, शनिवार या पेठा माझ्याकडे.

पेठेत नकाशा नेमका कुठे गंडतो ते सांगतो. गिऱ्हाईक घरात बसून पिन टाकतं. ती पडते वाड्याच्या छपरावर. अ‍ॅप त्या पिनेला सगळ्यात जवळचा रस्ता शोधतं आणि तो बऱ्याचदा निघतो वाड्याच्या पाठीमागचा बोळ. मी तिथे पोचतो तर समोर भिंत, भिंतीवर ‘येथे लघवी करू नये’ आणि फोन म्हणतो ‘तुम्ही पोहोचला आहात’. दार पलीकडच्या गल्लीत. तिकडे जायला वळसा, मध्ये एकेरी वाहतूक, आणि पार्सलातलं पिठलं गार.

मग फोन करायचा. पलीकडून आजोबा: “पत्र्या मारुती माहितीय? नाही? खुन्या मुरलीधर? तोही नाही? अहो, मग राहता कुठे तुम्ही?” मला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. पत्र्या मारुती, जिलब्या मारुती, उपाशी विठोबा अशी देवांची नावं असतात हे परभणीत कुणी सांगितलं नव्हतं. आता नव्या पोरांना मीच शिकवतो, की देवळापर्यंत नकाशा बघ, तिथे गाडी लाव आणि फोन कर.

काही पत्ते तर पाडून झालेल्या गोष्टींचे असतात. ‘टॉकीज होती त्याच्या मागे’, ‘पिठाची गिरणी होती ना, तिथे’. होती ना म्हणे! मी आलो तेव्हा तिथे पाच मजले उभे होते. पण गंमत अशी की महिन्याभरात मला ती गिरणी कुठे होती ते कळलं, कारण निम्मी गल्ली अजून तिच्यावरूनच पत्ता सांगते.

एक काकू ऑर्डरीच्या सूचनेत लिहितात, “पिन पाहू नये. बोळात शिरल्यावर उजव्या हाताला निळे दार. कडी वाजवावी, बेल बिघडली आहे.” इतका चांगला पत्ता मला दुसऱ्या कुणी दिलेला नाही.

वाव (हर्णै)

आमच्याकडे तांडेलाची, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याची, किंमत त्याच्या खुणांवर ठरायची. सुवर्णदुर्गाचा एखादा बुरूज मागच्या डोंगरातल्या खाचेशी एका रेषेत आला, आणि दुसऱ्या बाजूला कनकदुर्गावरचं दीपगृह एखाद्या झाडावर चढलं, की त्या दोन रेषा जिथे कापतात तिथे पाण्याखाली खडप, म्हणजे खडक. खडपाला मासा. (खऱ्या जोड्या लिहिणार नाही, वाचणाऱ्यांत आमच्या बंदरातलेही असतील.) खोल गेलं की किनारा दिसत नाही. मग शिसं सोडायचं, किती वाव (खोलीचं माप) पाणी ते मोजायचं, आणि शिशाच्या बुडाला चिकटून चिखल आला की वाळू ते हातात घेऊन बघायचं. वडील तो चिखल बोटांत चोळून सांगायचे आपण कुठे आहोत ते. मी शपथेवर सांगतो, मला सगळा चिखल सारखाच वाटायचा.

जीपीएसचा डबा बोटीवर आला तशी वडिलांनी एका हंगामात सगळ्या खुणांवर बोट नेली आणि बटण दाबून घेतलं. आता त्या जागांना नावं नाहीत, आकडे आहेत. त्याचा पहिला परिणाम असा झाला की चोरी सोपी झाली. डोंगराची खाच कुणी चोरू शकत नव्हतं, कारण ती ओळखायलाच दहा वर्षं बोटीवर काढावी लागायची. आकडे खलाशी हातावर लिहून घेतो, पुढच्या हंगामात दुसऱ्या बोटीवर जातो, आणि आपल्या खडपावर पाच बोटी उभ्या.

दुसरं म्हणजे हैदराबादच्या ‘इन्कॉईस’ संस्थेचा अंदाज येतो. उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि त्यातलं हिरवं द्रव्य बघून मासा कुठल्या पट्ट्यात असेल ते सांगतात: अमक्या बंदरापासून अमक्या दिशेला, इतके किलोमीटर, इतकं पाणी. मराठीतून येतो. अंदाज खरा ठरतोही. पण तो सगळ्यांनाच येतो, त्यामुळे तिथे पोचेपर्यंत जत्रा असते.

तरी ज्याने धुक्यात रात्रभर भोंगा वाजवत बोट आत आणलीय तो डब्याला नावं ठेवणार नाही. डबा आल्यापासून माझी आई बंदरावर कंदील घेऊन बसत नाही. माझ्या मुलाला खाचा माहीत नाहीत. मी दाखवल्या, तो हो हो म्हणाला आणि स्क्रीनवर बघायला लागला. यंदा १ जूनच्या पावसाळी मासेमारीबंदीआधी शेवटच्या फेरीला मी मुद्दाम डब्यावर फडकं टाकलं आणि त्याला म्हटलं, ने घरी. नेली त्याने. वेळ लागला, पण नेली.

मज्जातंतू (मिरज)

मी डॉक्टर आहे, म्हणून थोडं शास्त्र. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी शहराच्या मध्यावरच्या चेअरिंग क्रॉसभोवतीच्या सहा मैलांतले सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये दाखवलं की या लोकांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा (जागा आणि वाटा लक्षात ठेवणाऱ्या भागाचा) मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. पुढे २०१७मध्ये लंडनच्याच संशोधकांनी सोहोच्या गल्ल्यांतून माणसांना संगणकावर फिरवलं. स्वतः वाट शोधताना चौकाचौकाला हिप्पोकॅम्पस जागा व्हायचा. सूचना ऐकत चाललेल्यांचा नाही. वाव यांच्या वडिलांच्या बोटांतला चिखल वाचून हे आठवलं.

रात्रपाळी (पुणे)

डॉक्टरसाहेब, मग माझा मोठा झाला असेल. सूचना ऐकत चाललो तर भिंतीपाशी पोचतो.

वाफसा (दर्यापूर)

पिकाची नोंद आता शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर करायची. वावरात उभं राहून फोटो काढला तरच ती होते. चांगली गोष्ट आहे. पूर्वी पारावर बसूनच अर्ध्या गावाची पाहणी उरकली जायची, आणि ज्याच्या वावरात कपाशी त्याच्या सातबाऱ्यावर ज्वारी.

तर मी माझ्या कपाशीत उभा. स्क्रीन म्हणते, आपण निवडलेल्या गटाच्या बाहेर आहात. पुढे गेलो, बाहेर. विहिरीपाशी गेलो, बाहेर. धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली गेलो, तरी बाहेर. शेवटी शेजाऱ्याच्या तुरीत शिरलो तेव्हा कुठे ‘आत’ आलो. आता फोटो काढायचा कपाशीचा आणि उभं राहायचं तुरीत. हात लांब करून काढला. शेजारी धुऱ्यावरून ओरडला, “काऊन राजेहो, आता माह्यं वावर बी आपल्याच नावावर करून राह्यले का?”

भाचा मोजणीच्या कामात आहे, त्यानं समजावून सांगितलं. गावाचा जुना नकाशा साखळीनं मोजलेला. साखळी ३३ फुटांची, तिचा चौरस म्हणजे गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. तो कागद वर्षानुवर्षं दप्तरात घडी घालून पडला, आकसला, घडीवर फाटला. मग त्याला स्कॅन करून उपग्रहाच्या फोटोवर बसवलं. काही गावं नीट बसली, काही सरकली. आमचं गाव सरकलेल्यांतलं. त्यात फोनची स्वतःची चूक पाच-दहा मीटर, ती वेगळीच.

पण मला जे खटकलं ते असं. आजोबांनी वाहिलेली जमीन. अंधारात अनवाणी सोडलं तरी ढेकळावरून सांगीन कोणता कोपरा आहे. आणि एक एवढीशी स्क्रीन मला माझ्याच वावरात सांगून राह्यली की तू इथं नाहीस. अन् मीही धुऱ्यावर उभा राहून एक क्षण इकडे तिकडे बघितलं, की खरंच कुठं आलो का काय.

पुढं हद्दीची मोजणी झाली, रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून हद्द मोजायचं यंत्र, घेऊन लोक आले. तो मोबाइलसारखा नसतो. सर्व्हे ऑफ इंडियानं ठिकठिकाणी कायमची केंद्रं बसवली आहेत, त्यांच्याकडून क्षणाक्षणाला दुरुस्ती घेतो. चुकला तर दोन-चार बोटं. त्यात कडुनिंब निघाला शेजाऱ्याच्या हद्दीत. तो म्हणाला, “राहू द्या, निंबोळ्या तुम्हीच वेचा.” पण त्याच्या पोरानं खुणेचा दगड रोवला तो रोवलाच.

इंद्रायणी (पुणे)

छोटंसं. पूर्वी पालखी पुण्यात येणार त्या दिवशी दुपारपासून रस्त्याच्या कडेला माणसं. कुठवर आली, कुठवर आली, असं एकमेकांना विचारत. सायकलवरून आलेला पोरगा सांगायचा तेच खरं. आता पोलीस पालखी कुठे आहे ते दाखवणारी लिंक देतात. सोय उत्तमच, वाहतुकीला तर फारच. सोसायटीतले लोक दहा मिनिटं आधी खाली उतरतात, दर्शन घेतात, वर जातात. माझ्या सासूबाई अजून दुपारीच जाऊन बसतात. लिंक दाखवली तर म्हणाल्या, “मला माहितीय गं तो येणारे ते.”

पांढरी काठी (डोंबिवली)

वरचे बरेचजण विचारणं संपलं म्हणून हळहळताहेत. विचारणं म्हणजे काय ते मला विचारा. मला जन्मापासून दिसत नाही.

नोकरी विलेपार्ल्यात. डोंबिवलीहून दादर, तिथे गाडी बदलायची. कळव्यानंतर खाडीपूल आला की रुळांचा आवाज पोकळ होतो, म्हणजे आता ठाणं. अशा कानाच्या खुणांवर वर्षानुवर्षं प्रवास केला. पार्ल्याला तर कानाचीही गरज नव्हती, बिस्किटांचा वास यायचा. तो कारखाना २०१६मध्ये बंद झाला तेव्हा सगळ्यांनी लहानपणीच्या आठवणी लिहिल्या. माझी फलाटावरची पाटी गेली होती. त्यानंतर कितीतरी दिवस मी शेजारच्याला “पार्लं आलं का” विचारत होतो, आणि मुंबईच्या लोकलमध्ये कानात बोंडं घातलेल्या शेजाऱ्याला काही विचारणं हा एक स्वतंत्र उद्योग आहे.

बरं, रस्त्यावर विचारलं की माणसं सांगत नाहीत, ओढतात. दंड धरतात आणि चालू लागतात. मला पलीकडे जायचंच नसताना मला रस्ता ओलांडून देण्याचं पुण्य किती जणांनी घेतलंय! मग पलीकडे उभं राहून कुणाला तरी विनवायचं की परत अलीकडे सोडा.

आता एका कानात इअरफोन, दुसरा कान रस्त्यासाठी मोकळा. फोन बोलतो: अमुक रस्ता, डावीकडे औषधांचं दुकान, पुढे बँक. ज्या रस्त्यावरून मी अनेक वर्षं जात होतो त्यावर चपलांचं दुकान आहे, शिवणाचा क्लास आहे, दाताचा डॉक्टर आहे हे मला पहिल्यांदा कळलं. तुमच्यासाठी नकाशाने रस्ता पुसला असेल, माझ्यासाठी त्याच रस्त्यावर दुकानं उघडली. एकदा मी कुणालाही न विचारता, नुसतं ‘इथे काय आहे’ म्हणून उतरून बघितलं. उनाडक्या करणं हे डोळसांचं काम, असं मला वाटायचं.

कुठे फसतो तेही लिहितो. पाच-दहा मीटरची चूक शेतात धुरा सरकवते, माझ्यासाठी ती फुटपाथ आणि गटार यांतलं अंतर आहे. आणि मुंबईत एकाच ठिकाणी तीन मजले असतात: खाली रस्ता, वर स्कायवॉक, त्याच्यावर उड्डाणपूल. फोनला मी कुठल्या मजल्यावर आहे ते धड कळत नाही. “पंचवीस मीटरवर उजवीकडे वळा” म्हणतो, उजवीकडे स्कायवॉकचा कठडा.

रंकाळा (कोल्हापूर)

मुलगी बंगळुरूला नोकरी करते. रात्री उशिरा निघाली की व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन पाठवते, तेच ते जास्तीत जास्त आठ तास चालणारं. मी बंगळुरू पाहिलेलं नाही. पण सिल्क बोर्डला किती वेळ जातो, मारथहळ्ळीचा पूल कुठे संपतो, हे मला आता आमच्या ताराराणी चौकाइतकं पाठ. ती सुट्टीला गाडीने येते तेव्हा ठिपका कित्तूर सोडून पुढे सरकला की मी कणीक मळायला घेते. निपाणीला आला की तवा ठेवते.

यजमान म्हणतात, तू तिच्यावर पाळत ठेवतेस. मुलगीही एकदा म्हणाली, “आई, ठिपका थांबला की तू फोन करतेस, मी चहा प्यायला पण थांबायचं नाही का?” खरंय तिचं. मग तिने ठिपका बंद केला, नुसतं ‘पोचले’ एवढाच निरोप पाठवायची. तो आठवडा मला फार वाईट गेला. माझ्या आईला मी कुठल्या गावात आहे हे महिन्यातून एका पत्राने कळायचं आणि ती झोपायची व्यवस्थित! न कळण्याची सवय असते, ती एकदा मोडली की मोडली. आता असं ठरलंय: रात्री दहानंतरच ठिपका, आणि थांबला तर मी पंधरा मिनिटं फोन करायचा नाही. पाळते मी. घड्याळाकडे बघत, पण पाळते.

पहाटपाळी (विदर्भातलं एक शहर)

माझी आई झाडूकाम करते. तिला आणि बाकीच्या बायांना जीपीएसचं घड्याळ दिलं होतं. ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेलं की नोंद होते. तिचा पट्टा संपतो तिथून पन्नास पावलांवर नळ आहे. पूर्वी पहाटे तिथे जाऊन तोंड धुवायची, बाकीच्या बायांशी चार शब्द बोलायची. मग ‘पट्ट्याबाहेर’ लागायला लागलं आणि एकदा पगार कापला. ज्या रस्त्यावर ती वीस-बावीस वर्षं झाडते त्या रस्त्यावर नळ कुठे आहे, सावली कुठे आहे, कोणत्या घरी पाणी मागितलं तर देतात, हे तिला माहीत. घड्याळाला फक्त रेघ माहीत. वरच्या ताईंच्या लेकीची काळजी आणि ही, दोन्हीत ठिपकाच आहे, म्हणून लिहिलं. एवढंच.

नाळ (कल्याण)

सह्याद्रीतल्या घाटवाटा करतो. सुरुवात सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर, म्हणजे चढउतार दाखवणाऱ्या कागदी नकाशावर, केली. समोच्च रेषा बघून सोंड कुठली, नाळ कुठली, पदर कुठवर जातो याचा अंदाज बांधायचा आणि पायथ्याच्या वाडीत जाऊन तो सपशेल चुकीचा आहे हे ऐकायचं. “ती वाट मोडली”, “तिकडून फक्त ढोरं जातात”. मग वाडीतलेच कुणी बाबा विळा-कोयता कमरेला अडकवून पुढे निघायचे.

आता जीपीएक्स फाइल असते. कुणीतरी चालून रेघ नोंदवतो, बाकीचे तिच्यावर चालतात. वाडीत थांबायचं कारण उरलेलं नाही. गाड्या शाळेपाशी लागतात, मंडळी सरळ रानात शिरतात, संध्याकाळी परत गाडीत. वाटाड्याचे पाचशे-हजार गेलेच, पण चहा, भाकरी, ‘कुठले तुम्ही’ हेही गेलं. मी हे सरसकट म्हणत नाही, हरिश्चंद्रगडावर चढणाऱ्या नळीच्या वाटेसारख्या ठिकाणी शहाणे लोक अजून पायथ्याच्या बेलपाड्यातला माणूस घेऊनच जातात. दोन्ही बाजूंना कडे, वर आभाळाची पट्टी, अशा नाळेत उपग्रहांचे संदेश कड्यांवर आपटून येतात आणि ठिपका समोरच्या भिंतीवर चढून बसतो.

रेघेत काय नसतं? टाक्यात पाणी कधीपर्यंत टिकतं ते नसतं. गेल्या पावसात नाळेतले धोंडे सुटलेत ते नसतं. आणि नावं नसतात. बाबांबरोबर चाललं की दर शंभर पावलांना एक नाव: इथे वाघराने गाय ओढली, हा अमक्याचा माळ, इथे वरातीने विसावा घेतला. फाइलमध्ये त्या जागांची नावं ‘बिंदू १४’, ‘बिंदू १५’.

दुसरी बाजू पण सांगायलाच हवी. कुणी कड्यावर अडकलं, पाय मोडला, तर पूर्वी ‘आम्ही एका मोठ्या झाडापाशी आहोत’ एवढ्यावर माणसं शोधायला निघायची. आता अक्षांश-रेखांश पाठवले की बचावपथकं नेमकी तिथे जातात. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरशी जोडलेल्या पथकांतल्या मित्रांना विचारा, तासन् तास वाचतात. रेघ नको असं म्हणणाऱ्याने एकदा रात्री स्ट्रेचरला खांदा द्यावा.

आणि एका वाडीत नवीनच बघितलं. बाबांचा नातू स्वतः फाइल नोंदवतो. बिंदूंना नावं देतो. आजोबांना बरोबर घेऊन, विचारून विचारून. वर फाइल फुकट देत नाही.

शून्य-शून्य (नाशिक)

नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो म्हणून थोडा खुलासा. ठिपका म्हणजे फोनने लावलेला अंदाज असतो. त्याच्याभोवतीचं फिकट निळं वर्तुळ कुणी बघत नाही, खरं उत्तर ते वर्तुळ आहे: ‘तुम्ही याच्या आत कुठेतरी आहात’. वाफसा यांच्या अ‍ॅपने ते दाखवलं असतं तर निम्मी चिडचिड वाचली असती.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. तिथली घड्याळं आपल्यापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात, ते आईन्स्टाइनच्या सूत्रांनी सावरावं लागतं, नाहीतर ठिपका दिवसाला दहा-अकरा किलोमीटर भरकटेल. मे २०००पर्यंत तर अमेरिका नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक घालत असे. ती बंद केल्यावरच गाडीतला नकाशा कामाचा झाला. दुसऱ्यावर अवलंबून राहायला नको म्हणूनच आपली स्वतःची उपग्रहयंत्रणा, नाविक: तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ला गेला.

घरात मात्र आकाश दिसत नाही, तेव्हा फोन आजूबाजूचे वायफायचे डबे हुंगतो. कुठला डबा कुठे असतो याची यादी कंपन्यांकडे असते. आम्ही पुण्याहून नाशिकला आलो, डबा बरोबर आणला. पुढे कित्येक दिवस दिवाणखान्यात बसलं की फोन म्हणायचा, तुम्ही कोथरूडला आहात. बायको म्हणाली, त्याला तरी घर आठवतंय.

निशिकासाई (टोकियो)

इथे बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत. पत्ता असतो विभाग, मग त्यातला भाग, मग ठोकळा, मग इमारतीचा क्रमांक, आणि जुन्या वस्त्यांत क्रमांक बऱ्याचदा इमारती बांधल्या गेल्या त्या क्रमाने. त्यामुळे ३च्या शेजारी ११. फोन यायच्या आधीपासून दुकानदार विजिटिंग कार्डामागे छोटा नकाशा छापत आलेत आणि चौकाचौकात पोलीस चौकी असते, तिथे जाऊन वाट विचारणं हे अगदी रीतीचं काम. सोलापूरहून आलेल्या माझ्या आईला हे फार पटलं. तिला जपानी येत नाही. चौकीत जाऊन मराठीत पत्ता विचारला तिने, आणि त्या पोलिसाने तिला दारापर्यंत आणून सोडलं. माझा फोन तिच्या पिशवीतच होता, चालू.

वाव (हर्णै)

नाळसाहेब, त्या नातवाला सांगा फाइलला कुलूप घालायला. अनुभवाचे बोल.

उंबरठा (ठाणे)

@पांढरी काठी, तुमचं वाचल्यापासून एक विचारायचं होतं. वाट विचारली तर आम्ही सांगावी कशी?

पांढरी काठी (डोंबिवली)

बरं झालं विचारलंत. पहिलं म्हणजे धरू नका, हात पुढे करा, मी धरतो. दुसरं, ‘तिकडे’, ‘ते काय, समोरच’ हे शब्द माझ्यापुरते रद्द. बोट तर दाखवूच नका, सवयीने सगळे दाखवतात. सरळ असं सांगा: “असेच पुढे वीस-पंचवीस पावलं, मग उजव्या हाताला रसवंती आहे, घुंगरांचा आवाज येईल, तिच्या आधीच्या बोळात.” आणि सध्या उन्हाळा नसेल, रसवंती बंद असेल, तर तेही सांगा. मी तिथेच उभा राहून घुंगरांची वाट बघत बसलेला आहे.